दोन-तीन दाढ्यांत बोथट होणारे ब्लेड : सोलापुरातील एका घरचे प्रकरण

आमच्या शेजारचे अण्णा गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत, एक गाल फेसाने माखलेला आणि हातात रेझर, असे थेट आमच्या दारात येऊन उभे राहिले. "सर, कंपनी बदलली, दुकान बदललं, आता तोंड बदलायचं तेवढं राहिलंय. तिसऱ्या दाढीला ब्लेड ओढायला लागतंय," ही त्यांची तक्रार होती. ती त्यांनी माझ्याकडे आणण्याचे कारण एवढेच की मी तीस वर्षे एका तंत्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत मुलांना हत्यारांना धार लावायला शिकवली. लेथच्या हत्याराची धार आणि दाढीच्या ब्लेडची धार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी त्यांना सांगून पाहिले. पण शेजाऱ्याला एवढ्यावर वाटेला लावणे आमच्या गल्लीत बसत नाही. त्यातून सुरू झालेली पाहणी मार्चअखेरपर्यंत चालली, आणि तिचा वृत्तांत जसा घडला तसा येथे देत आहे.

अण्णांचे वय सत्तरीच्या पुढचे. त्यांची सगळी हयात टेरी टॉवेलच्या, म्हणजे अंगावर धाग्याचे उभे फासे (लूप) असलेल्या टॉवेलच्या, मागांवर गेली. आधी विणकर म्हणून आणि नंतर जॉबर म्हणून, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारा माणूस म्हणून. दाढी ते दिवसाआड करतात, दोन्ही बाजूंनी धार असलेले साधे ब्लेड आणि स्क्रूचे जुने रेझर वापरतात, आणि दाढी पांढरी झाली असली तरी हनुवटीवरचे खुंट अजून तारेसारखे आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एक ब्लेड जेमतेम तीन दाढ्या टिकत होते, आणि मोह आवरला नाही म्हणून चौथ्या दाढीला तेच वापरले की हनुवटीखाली हमखास कापत होते. ब्लेडच हलके आहे असे म्हणून प्रकरण तिथेच मिटले असते. पण बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि मला त्यात रस वाटू लागला. दिवाळीआधी ते दोन महिने पुण्याला मुलीकडे राहून आले होते आणि जाताना ब्लेडची पाकिटे सोलापुरातूनच घेऊन गेले होते. तिथे त्याच पाकिटातले ब्लेड सहा-सात दाढ्या सहज चालत होते. माणूस तोच, दाढी तीच, रेझर तेच, ब्लेड तेच. बदलले होते ते फक्त घर. पुण्यात वेगळे काय करत होता, असे विचारले तर उत्तर आले, "काहीच नाही." तेव्हा दोष ब्लेडच्या कारखान्यात न शोधता त्यांच्या न्हाणीघरात शोधावा, असे मी ठरवले.

न्हाणीघरातली पाहणी

अण्णांच्या न्हाणीघराला खिडकी नाही. आरशाखालच्या फळीवर स्टीलची एक वाटी होती आणि तिच्यात रेझर, ब्रश आणि तुरटीचा खडा असे तिघे एकत्र नांदत होते. तळाशी थोडे पांढुरके पाणी साचलेले होते. नळाच्या तोंडाभोवती क्षाराचा जाड थर बसला होता, जो सोलापुरात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कोणत्याही घरात दिसतो. शहराला उजनी, टाकळी आणि हिप्परगा येथून पाणी येते खरे, पण महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटत असल्याने ते पिंपात भरून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी जपून वापरायचे आणि धुणे, आंघोळ, दाढी बोअरवर भागवायची, ही बहुतेक घरांची रीत आहे.

मी त्यांना नेहमीप्रमाणे दाढी करायला सांगितली आणि स्टुलावर बसून नुसते पाहत राहिलो. अण्णा आंघोळीआधी दाढी करतात. त्यांनी बोअरचे गार पाणी गालावर दोनदा फिरवले, ब्रशने फेस काढण्याचा प्रयत्न केला, तो नीट होईना म्हणून आणखी क्रीम घेतले, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रेझर चालवायला सुरुवात केली. दर तीन-चार हातांनंतर अडकलेला फेस काढण्यासाठी ते रेझर बेसिनच्या कडेवर टक-टक आपटत होते. आधी सुलटा हात, मग त्याच फेसाच्या उरल्यासुरल्या ओलीवर उलटा हात, असा सगळा कार्यक्रम चार मिनिटांत आटोपला. त्यानंतर त्यांनी जे केले ते मात्र मी सावरून बसून पाहिले. रेझरचा स्क्रू उघडून त्यांनी ब्लेड बाहेर काढले, खांद्यावरच्या टॉवेलचे टोक चिमटीत धरून त्यात ब्लेड दाबले, आणि एका बाजूने सर्रकन, मग दुसऱ्या बाजूने सर्रकन ओढून लख्ख पुसले. "ओलं ठेवलं की गंजतं ना, म्हणून," असे त्यांनी वर सांगितले. हेतू अगदी बरोबर होता. मग पुसलेले ब्लेड रेझरमध्ये बसले आणि रेझर पुन्हा त्याच पाण्याच्या वाटीत गेले.

कापड पारखणाऱ्यांकडे पिक ग्लास नावाचे एक लहान घडीचे भिंग असते. त्याच्या पितळी चौकटीला तळाशी एक इंचाची चौकोनी खिडकी असते. ती कापडावर टेकवायची आणि इंचात ताण्या-बाण्याचे धागे किती आहेत ते मोजायचे. अण्णांकडे त्यांचे जुने पिक ग्लास होते. आम्ही ते ब्लेड काळ्या पाटीवर ठेवले, बाजूने मोबाइलचा उजेड पाडला आणि आळीपाळीने पाहिले. तुलनेसाठी पाकिटातले एक कोरे ब्लेड शेजारी होते. कोऱ्या ब्लेडची धार कुठेच चमकत नव्हती, कारण प्रकाश परतवायला तिथे पृष्ठभागच उरलेला नसतो. ती नुसती एक काळी, सरळ रेघ दिसत होती. वापरलेल्या ब्लेडच्या धारेवर मात्र ठिकठिकाणी चमकणारे बारीक ठिपके होते. पुसूनही न गेलेला पांढरा क्षार होता, मधल्या खाचेजवळ तपकिरी डाग होता, आणि एका कोपऱ्याजवळ धारेत अडकलेला कापसाचा एक तंतू आमच्या श्वासाने हलत होता. अण्णांनी तो तंतू बराच वेळ पाहिला. आयुष्यभर ज्या धाग्यावर पोट भरले तो त्यांना ओळखू न येणे शक्यच नव्हते. "लूपचाच धागा आहे हो, सर," एवढेच ते म्हणाले.

ब्लेड बोथट होते म्हणजे काय होते

येथे थोडे धातूकडे वळणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून होते. आजचे साधे ब्लेड सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीच्या कडक पोलादाचे असते. त्यात क्रोमियम सुमारे १३ टक्के असते, म्हणून त्याला स्टेनलेस म्हणतात. पण धार टिकवण्यासाठी कार्बनही भरपूर ठेवलेला असतो, आणि क्रोमियमचा काही भाग त्या कार्बनशी बांधला गेल्यामुळे हे पोलाद आपल्या ताटवाट्यांच्या स्टीलइतके गंजरोधक राहत नाही. धारेवर घर्षण कमी करणारा एक अतिशय पातळ थर दिलेला असतो. नॉनस्टिक तव्यावरचा लेप ज्या जातीचा, त्याच जातीचा तो असतो. तो घासून गेला की घरी परत लावता येत नाही.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद कसे झिजते, हा प्रश्न अण्णांनी विचारला आणि तो रास्त होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे टवके उडवू शकतो, असे त्यांना दिसले. केस वाकून ब्लेडला तिरका भेटला आणि त्याच जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, की तिथे ताण एकवटतो आणि धारेचा बारीक तुकडा निघतो. म्हणजे धार केवळ गुळगुळीत झिजून जात नाही, तर तिला खांडे पडतात. पिक ग्लासखाली चमकणारे ठिपके पाहताना मला हे आठवले, आणि टॉवेलच्या मऊपणावर विसंबण्यात काय चूक होती तेही लक्षात आले. केसाने जे होते ते कापसाच्या लूपने होणार नाही, असे मानायला काहीच आधार नव्हता. उलट टेरीचे लूप उभे आणि मोकळे असतात, ते धारेत अडकतात, आणि पुसणारा माणूस ते अडकल्यावरही जोर लावून ओढत राहतो.

दुसरा संशय तुरटीवर होता. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा सल्फेट क्षार. तिचे पाणी आम्लधर्मी असते. दाढीनंतर चेहऱ्यावर फिरवण्यासाठी ती उत्तम, पण तिच्या पाण्यात रेझर दोन-दोन दिवस उभे ठेवणे म्हणजे ब्लेडला सौम्य आम्लात भिजत घालण्यासारखेच होते. अण्णांच्या रेझरच्या डोक्यावरचा क्रोमचा मुलामाही एका जागी फुगून सुटला होता, आणि ती जागा वाटीत नेमकी खाली टेकणारी होती.

प्रयोगांचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलासाठी एकाच पाकिटातली दोन ब्लेडे वापरायची, असे आम्ही ठरवले. नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाखाली, तीन शब्दांत करायची होती : 'नीट', 'ओढते' किंवा 'टाकले'. सुरुवातीला काहीही न बदलता दोन ब्लेडे वापरून घेतली. दोन्ही तीन दाढ्यांवर संपली, म्हणजे अण्णांची तक्रार अचूक होती.

पहिल्याच बदलात आमचा नियम मोडला. टॉवेलने पुसणे बंद करायचे होते, पण ओले रेझर त्या वाटीत ठेवणे मला पाहवेना, म्हणून जागाही त्याच दिवशी बदलली. आता दाढी झाली की रेझर नळाखाली धरायचे, स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा पाण्याखाली धरायचे म्हणजे आत अडकलेला साबण निघून जातो, मग हवेत तीन-चार झटके द्यायचे आणि स्क्रू तसाच सैल ठेवून रेझर स्वयंपाकघराच्या खिडकीत, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर, उलट्या पेल्याच्या आधाराने उभे करायचे. ब्लेड रोज बाहेर काढायचेच नाही. बेसिनच्या कडेवर आपटणेही बंद. त्याऐवजी एका वाटीत पाणी घेऊन त्यात रेझर खळबळायचे. या बदलांनंतर दोन्ही ब्लेडे चार दाढ्या चालली. लाभ एका दाढीचा, पण हनुवटीखालची कापाकापी थांबली.

ब्लेड कोरडे ठेवण्यासाठी तांदळाच्या डब्यात खुपसावे किंवा ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर डबीत ठेवावे, असे उपाय सुचवले जातात. मुंबईत किंवा कोकणात त्यांचा उपयोग असेल. सोलापुरात मात्र पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर हवा इतकी कोरडी असते की खिडकीतले रेझर आम्ही पाहता पाहता सुकत होते. जी गोष्ट इथे फुकट मिळते ती खिडकी नसलेल्या खोलीत बंद करून ठेवायची आणि मग तांदूळ खर्ची घालायचे, यात अर्थ नव्हता.

पाण्याचा प्रयोग डिसेंबरच्या उत्तरार्धात केला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा मानला आहे. अण्णांच्या बोअरचे पाणी मी तपासून घेतले नाही, कारण साबणाचा फेस होत नव्हता आणि बादलीला पांढरी कड येत होती, एवढे पुरेसे होते. कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जोडले जाऊन चिकट साका तयार होतो. फेस कमी होतो आणि तोच साका ब्लेडवर बसतो. पाणी उकळले की त्या कठीणपणाचा एक भाग तळाशी क्षार होऊन बसतो. म्हणून महापालिकेच्या पाण्याची एक वाटी फेसासाठी आणि उकळून निवळलेल्या पाण्याची एक वाटी शेवटी रेझर बुडवण्यासाठी, असे ठरवले. ब्लेडवरचा पांढरा थर पूर्ण गेला, फेस दुप्पट आला, पण दाढ्यांची संख्या मात्र चारावरच राहिली. मला हे अपेक्षित नव्हते. पाणी हाच मुख्य गुन्हेगार असावा असे मी मनातून धरून बसलो होतो. फेसासाठी चांगले पाणी आम्ही तरीही चालू ठेवले, कारण अण्णांच्या गालाला ते मानवले. शेवटी स्पिरिटमध्ये रेझर बुडवण्याचा उपायही चांगला आहे, ते पाणी हटवून लगेच उडून जाते. पण आंघोळीचे पाणी शेजारीच गॅसवर तापत असलेल्या घरात उघडे स्पिरिट नको, म्हणून त्या वाटेला गेलोच नाही.

टॉवेल परत आला

यानंतर जो बदल केला त्याने या प्रकरणाची दिशा फिरवली, आणि खरे सांगायचे तर तो मी पहिल्यांदा करायला हवा होता. आतापर्यंतचे सगळे उपाय दाढीनंतरचे होते. दाढी सुरू होण्याआधी केसाची जी स्थिती असते तिच्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते. कोरडा केस कापायला अवघड असतो. तो पाणी मुरल्यावर फुगतो आणि मऊ पडतो. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो, मात्र त्याला काही मिनिटे द्यावी लागतात, आणि गरम पाण्यात हे काम लवकर होते. त्वचेवरचे तेल निघाले तर पाणी आणखी सहज शिरते. मऊ केसाला जोर कमी लागतो आणि धारेवर येणारा ताणही तितकाच कमी होतो. अण्णा अर्ध्या मिनिटात, गार आणि कठीण पाण्यावर, तारेसारखे खुंट कापत होते.

उपाय घरातच होता. अण्णांनी स्वतःच्या कारखान्यातून आणलेला जुना टेरी नॅपकिन हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, आणि साबणाने धुतलेल्या गालांवर व हनुवटीवर तीन मिनिटे दाबून धरायचा. निवला तर मध्ये एकदा पुन्हा बुडवायचा. टेरीचे लूप जसे ब्लेडला नडतात तसेच ते पाणी आणि ऊब धरून ठेवतात, म्हणून साध्या पंच्यापेक्षा हे काम ते चांगले करतात. मग फेस लावून आणखी एक मिनिट थांबायचे आणि उलटा हात मारण्याआधी फेस नव्याने लावायचा. ज्या टॉवेलला आम्ही ब्लेडपासून दूर केले होते तो अशा रीतीने गालावर परत आला. अण्णांचे यावर म्हणणे, "मग टॉवेलचा दोष नव्हता, वेळेचा होता."

पहिले ब्लेड सात दाढ्या चालले. दुसऱ्याच्या बाबतीत घोटाळा झाला. मकरसंक्रांतीचे दिवस होते, होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरली होती, घरात पाहुणे होते, आणि त्या गडबडीत कुणीतरी सांगितले म्हणून अण्णांनी मला न विचारता ब्लेडला खोबरेल लावून ठेवले. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांखाली गोठते आणि जानेवारीच्या पहाटे सोलापुरातही पारा त्याच्या बराच खाली असतो. सकाळी ब्लेडवर पांढरी साय धरलेली, ती फेसात मिसळली, रेझरच्या फटी बुजल्या आणि हाताला जोर द्यावा लागला. ते ब्लेड मोजणीतून वगळले आणि नवे घेतले. तेही सात दाढ्यांपर्यंत गेले. तीनावरून सातावर येण्यात सगळ्यात मोठा वाटा त्या तीन मिनिटांच्या गरम नॅपकिनचा होता.

तेलाचा विषय मात्र निघालाच होता, तेव्हा तोही तडीस नेला. कल्पना अशी की धुतलेल्या आणि झटकलेल्या ब्लेडवर तेलाचा पातळ थर असला की हवा आणि ओल धातूपर्यंत पोहोचत नाही. फेब्रुवारीत अण्णांच्या घरी सदैव असणारे करडईचे तेल वापरून पाहिले. मी हे सुचवायला नको होते. करडईचे तेल पातळ थरात हवेत राहिले की हळूहळू चिकट आणि शेवटी रोगणासारखे होते. म्हणूनच जुन्या काळापासून रोगण करायला ते वापरले गेले आहे. चौथ्या दाढीपर्यंत रेझरच्या कडेला पिवळसर चिकटा जमला आणि दोन्ही ब्लेडे पाच दाढ्यांवर टाकावी लागली. घरात सुनेच्या शिलाई मशीनचे तेल होते, जे खनिज असल्याने सुकत नाही, पण ते मशीनसाठी बनवलेले असते, तोंडासाठी नव्हे. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनची बाटली आणली. तेही खनिज तेलच, पण त्वचेला लावण्याच्या प्रतीचे. एक थेंब कापसाच्या काडीने पात्याच्या सपाट बाजूला, धारेला स्पर्श न करता लावायचा, तो आपोआप पसरतो. मार्चमधल्या दोन ब्लेडांपैकी एक सात आणि एक आठ दाढ्या चालले. एवढ्याशा फरकावरून तेलाने फायदा झाला असे मी म्हणणार नाही. कोरड्या हवेत स्टेनलेस ब्लेडला त्याची फारशी गरज नाही. दमट गावी जाणाऱ्याने बाटली बरोबर न्यावी.

दोन उपाय असे होते की ज्यांबद्दल अण्णांच्या मुलाला आणि अण्णांना अनुक्रमे खात्री होती. मुलगा कार्ट्रिजचे रेझर वापरतो आणि जुन्या जीन्सच्या मांडीवर ते दाढीच्या उलट दिशेने, म्हणजे धार मागे राहील असे, पंधरा-वीस वेळा फिरवतो. न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजतो त्याचीच ही नक्कल आहे. त्याने ब्लेड कोरडे होते, साबणाचा साका निघतो, आणि किंचित वाकलेली धार सरळ होत असेलही. पण उडालेला टवका भरून येत नाही. शिवाय दिशा चुकली की तेच टॉवेलसारखे होते. कार्ट्रिज महाग असल्याने त्याला हे परवडते, माझा विरोध नाही. अण्णांचा उपाय त्यांच्या वडिलांचा होता : काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ब्लेड बोटाने दाबून पुढे-मागे घासायचे. ते साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडांचे दिवस होते. जिलेट यांना वापरून टाकून द्यायच्या ब्लेडच्या रेझरचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले, पण स्टेनलेस ब्लेडे बाजारात पसरली ती १९६० नंतरच्या दशकात. त्याआधीचे ब्लेड भराभर गंजे आणि त्यावर लेपही नसे, तेव्हा काचेवर घासल्याने काही काळ काम भागत असे. आजच्या ब्लेडवर आम्ही हे एकदा करून पाहिले. पुढच्याच दाढीला अण्णा कळवळले आणि वडिलांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

ही एका माणसाची, एका दाढीची गोष्ट आहे, आणि 'ओढते' हा निवाडा देणारे गालही त्यांचेच होते. शिवाय कोणी शेजारी स्टुलावर बसून बघत असला की माणूस हात हलका ठेवतो. सातातल्या एखाद-दुसऱ्या दाढीचे श्रेय त्यालाही द्यावे लागेल. पैशाचा हिशेब केला तर साध्या ब्लेडमध्ये बचत महिन्याला काही रुपयांचीच आहे, आणि ब्लेड ओढू लागल्यावरही आकडा वाढावा म्हणून ते रेटणे मूर्खपणाचे आहे. अण्णांना मधुमेह आहे. त्यांच्या हनुवटीवरची जखम भरायला लागणारे दिवस ब्लेडच्या किमतीपेक्षा महाग पडतात.

यातला कोणताही उपाय केशकर्तनालयासाठी नाही. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड हाच नियम आहे आणि तो रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारख्या रोगांमुळे आहे. घरातही बाप-लेकांनी एक ब्लेड वापरू नये. टाकायच्या ब्लेडसाठी आम्ही पत्र्याच्या एका जुन्या डबीला झाकणात चीर पाडली, कारण कागदात गुंडाळलेले ब्लेड घंटागाडीवरच्या माणसाच्या हातातच उघडते.

मार्चच्या शेवटी पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, आणि अण्णांना जे आठवत नव्हते ते तिला विचारून घेतले. तिच्याकडे अण्णा आधी गिझरच्या पाण्याने आंघोळ करत आणि मग बाहेरच्या बेसिनवर, गॅलरीच्या उजेडात दाढी करत, कारण सकाळी न्हाणीघर जावयांना आणि मुलांना लागे. रेझर त्या बेसिनवरच वाऱ्याला पडलेले असे. टॉवेलचे विचारले तेव्हा ती हसली आणि फोन वडिलांकडे द्यायला सांगितला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता : "अण्णा, आल्या दिवशीच तुम्हाला सांगितलं होतं ना मी, माझ्या नव्या टॉवेलला ब्लेड पुसायचं नाही म्हणून?"

"तू टॉवेलसाठी सांगितलं होतंस," अण्णा म्हणाले, "ब्लेडसाठी कुठं सांगितलं होतंस?"